थांबण्याचे कर्तव्य

वर्दीतील पोलिसाने हात दाखवला की वाहन थांबवावे, हा नियम आज इतका उघड वाटतो की त्याला काही इतिहास असेल अशी शंकाही सहसा कोणाला येत नाही. परंतु भारतीय कायद्यातील या नियमाची वंशावळ शोधू लागल्यास ती पोलीस चौकीपाशी न थांबता घोड्याच्या लगामापर्यंत जाऊन पोचते. इंग्लंडमध्ये १८६५ साली झालेल्या कायद्याने रस्त्यावरून चालणाऱ्या वाफेच्या यंत्रगाड्यांना गावाबाहेर ताशी चार मैल आणि गावात ताशी दोन मैल एवढीच गती ठरवून दिली आणि गाडीच्या साठ यार्ड पुढे लाल निशाण घेतलेला माणूस चालवण्याची सक्ती केली, हे प्रसिद्धच आहे. त्या मानाने अप्रसिद्ध राहिलेली बाब अशी की, समोरून घोडा किंवा घोडागाडी घेऊन येणाऱ्या कोणाही माणसाने हात वर केला तर यंत्रगाडी तत्काळ थांबवली पाहिजे, असे बंधन त्याच कायद्यात होते. हात वर करून वाहन रोखण्याचा अधिकार अशा रीतीने प्रथम सामान्य वाटसरूला मिळाला, आणि तोही गुन्हेगार पकडण्यासाठी नव्हे, तर जनावर बुजू नये म्हणून.

१८९६ साली हलक्या मोटारगाड्यांना मोकळीक देणारा नवा कायदा झाला आणि त्याखाली जे नियम निघाले त्यांत या अधिकाराचे दोन वाटेकरी झाले : एक पोलीस शिपाई आणि दुसरा बुजलेल्या घोड्याचा राखणदार. दोघांपैकी कोणीही हात वर केल्यास चालकाने गाडी थांबवून ‘वाजवी आवश्यकता असेल तितका वेळ’ ती उभी ठेवावी, अशा आशयाची त्यांची भाषा होती. ही शब्दरचना लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण पुढे ब्रिटिश हिंदुस्थानच्या १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात, त्याच्या ८७ व्या कलमात, ती जवळजवळ जशीच्या तशी उतरली. त्या कलमाने थांबण्याचे तीन प्रसंग सांगितले : गणवेशातील पोलिसाने सांगितल्यावर, जनावर बिथरेल अशी भीती वाटून त्याच्या राखणदाराने सांगितल्यावर आणि अपघात घडल्यावर. स्वातंत्र्यानंतर सुमारे चार दशके हेच कलम लागू राहिले, आणि १९८८ चा नवा कायदा आला तेव्हा तेच १३२ क्रमांकाने त्यात दाखल झाले.

खरा बदल घडला तो १९९४ च्या दुरुस्तीने, आणि त्याची दिशा अपेक्षेच्या उलट होती. पोलिसाचा सर्वसाधारण थांबवण्याचा अधिकार या कलमातून काढून घेण्यात आला. त्याऐवजी वाहनाचा अपघाताशी संबंध असेल तेव्हाच, तेही उपनिरीक्षकाच्या खालच्या दर्जाचा नसलेल्या गणवेशधारी अधिकाऱ्याने सांगितल्यावर, थांबण्याचे बंधन उरले आणि त्यास चोवीस तासांची कमाल मर्यादा पडली. अपघाताविषयीचे जुने तिसरे उपकलम या नव्या रचनेत सामावल्यामुळे गळाले, मात्र शिक्षा सांगणारे १८७ वे कलम त्या गळालेल्या उपकलमाचाच हवाला देत राहिले, आणि ही चूक दुरुस्त व्हायला २०१९ साल उजाडावे लागले. मसुदा करणाऱ्यांच्या या गाफीलपणावर फारशी चर्चा झालेली दिसत नाही.

परिणामी नाकाबंदीत शिट्टी वाजवूनही गाडी भरधाव निघून गेली, तर ‘पोलिसांना चुकवून पळणे’ या नावाचा स्वतंत्र गुन्हा मोटार वाहन कायद्यात सापडत नाही. वाहतूक नियमन करणाऱ्या पोलिसाच्या सूचना पाळण्याचे बंधन ११९ व्या कलमात आहे. कायदेशीर आदेश जाणूनबुजून न मानण्याबद्दल १७९ व्या कलमाखाली दंड आहे, जो पूर्वी पाचशे रुपयांपर्यंत होता आणि २०१९ पासून दोन हजार झाला. शिवाय १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाचे, म्हणजे आताच्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे, ६८ वे कलम पोलिसांच्या वाजवी निर्देशांचे पालन प्रत्येकावर बंधनकारक करते. यापुढची जबर शिक्षा पळण्याला नसून पळताना केलेल्या कृत्याला आहे. बेदरकार चालवण्याला १८४ वे कलम लागते, ज्यात वॉरंटशिवाय अटक करता येते. गाडी शिपायाच्या अंगावर घातल्यास लोकसेवकावरील हल्ल्याचे कलम लागते, जे जुन्या दंडसंहितेत ३५३ होते आणि भारतीय न्याय संहितेत, निव्वळ योगायोगाने, १३२ च आहे. ही विखुरलेली व्यवस्था चुकीची म्हणता येत नाही, कारण न थांबणे आणि जीव धोक्यात घालणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे तीत मान्य केलेले आहे. पण ती समजायला सोपी नाही हेही खरे.

पळून जाण्यालाच कठोर शिक्षेचा आधार करण्याचा प्रयत्न न्याय संहितेच्या १०६ (२) या उपकलमात झाला. मात्र तो पोलिसाच्या इशाऱ्याशी नव्हे, तर अपघाताशी जोडलेला आहे : निष्काळजी चालवण्याने मृत्यू घडवून, पोलीस वा दंडाधिकाऱ्यास न कळवता पळून जाणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत कारावास. जुन्या ३०४-अ कलमातील दोन वर्षांच्या तुलनेत ही झेप मोठी होती. जमावाच्या मारहाणीच्या भयाने चालक पळतो, गुन्हा लपवण्यासाठी नव्हे, असा मालमोटार चालकांचा आक्षेप होता आणि तो सहज झटकण्यासारखा नव्हता. जानेवारी २०२४ मध्ये देशभर संप झाला. मनमाडजवळच्या पानेवाडी येथील इंधन टँकरचालकही त्यात उतरले, आणि राज्यात पेट्रोल पंपांपुढे रांगा लागल्या. १ जुलै २०२४ रोजी संहिता अमलात आली तेव्हा हे एक उपकलम वगळूनच आली.

१३२ व्या कलमातील जनावराचा राखणदार मात्र १९९४ च्या दुरुस्तीतूनही टिकून राहिला. बुजणाऱ्या जनावरासाठी तो आजही मोटार थांबवू शकतो, आणि ‘जनावर’ म्हणजे घोडा, गुरे, हत्ती, उंट, गाढव, खेचर, मेंढी किंवा शेळी, अशी व्याख्या कलमाच्या शेवटी दिलेली आहे.