देज, काडीमोड आणि कायदा

मुकणे घराण्याचे जव्हार संस्थान 1948 साली मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत जव्हारात संस्थानचा अंमल चाले, तर शेजारच्या मोखाड्यात, जो शहापूर तालुक्याचा पेठा होता, इंग्रजी न्यायालयांचा. मात्र दोन्हीकडच्या वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी आणि महादेव कोळी कुटुंबांची लग्ने लागत आणि मोडत ती मुख्यतः पंचांच्या साक्षीने. वारल्यांच्या लग्नात धवलेरी ही लग्नगीते गाणारी स्त्रीच विधी चालवी आणि सवाशिणींनी भिंतीवर काढलेल्या चौकातली पालघट देवी साक्षीला असे.

या विवाहबंधाच्या मुळाशी देज होते. देज म्हणजे वरपक्षाने मुलीच्या बापाला द्यायचे धान्य, पैसे आणि कापडचोपड. हुंड्याची दिशा इथे उलटी आहे. त्याला वधूमूल्य म्हणण्याची अभ्यासकांची सवय थोडी फसवी आहे, कारण विकत घेतलेल्या वस्तूची किंमत विकणाऱ्याकडून परत मागता येत नाही, देज मात्र परत करता येई आणि त्यातच विवाहविच्छेदाची सोय होती. नवऱ्याला सोडून दुसरे घर करणाऱ्या स्त्रीच्या नव्या नवऱ्याने पहिल्याचे देज भरून दिले, की पंच फारकत मान्य करीत. काडी मोडून संबंध तुटल्याचे दाखवणारी काडीमोड आणि विधवेचा वा सोडलेल्या स्त्रीचा पुनर्विवाह, म्हणजे पाट, हे याच व्यवस्थेचे भाग होत.

मुंबई इलाख्याच्या 1827 च्या चौथ्या रेग्युलेशनने लिखित कायदा नसेल तेथे देशाची वहिवाट आणि तीही नसेल तर प्रतिवादीचा कायदा लावण्याचा क्रम घालून दिला, आणि त्याच सुमारास आर्थर स्टील याने दख्खनमधील जातींच्या चालीरीती नोंदवल्या. वहिवाटीला असे स्थान मिळाले खरे, पण न्यायालयांनी तिच्यावर स्वतःची नीती लादली: गुजरातेतील तळपदा कोळ्यांच्या एका प्रकरणात नवऱ्याच्या संमतीवाचून दुसरे लग्न करू देणारी रूढी मुंबई उच्च न्यायालयाने 1864 मध्ये अनैतिक म्हणून नाकारली, तर 1876 मध्ये विवाह रद्द ठरवण्याचा वा स्त्रीला पुनर्विवाहाची परवानगी देण्याचा जातीला अधिकार नाही असे म्हटले. मुंबई प्रांताने हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला तो 1947 साली. ज्यांच्याकडे फारकत पिढ्यान्‌पिढ्या होती त्यांना ती अनैतिक ठरल्याचे ऐकावे लागले, आणि ज्यांच्याकडे ती नव्हती त्यांना ती सुधारणा म्हणून मिळाली.

देजाची दुसरी बाजू मात्र कडू होती. लग्नखर्चासाठी सावकाराकडून कर्ज घेणारा तरुण त्याचा लग्नगडी, म्हणजे कर्ज फिटेपर्यंत राबणारा वेठबिगार होई. 1930 च्या दशकाच्या अखेरीस सिमिंग्टन यांच्या सरकारी अहवालात या प्रथेची नोंद झाली आणि 1945 च्या वारली उठावात गोदावरी व शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली तिच्यावर थेट हल्ला झाला.

1955 च्या हिंदू विवाह कायद्याच्या दुसऱ्या कलमाने केंद्र सरकार अधिसूचना काढीत नाही तोवर अनुसूचित जमातींना त्या कायद्यातून वगळले, त्यामुळे तेथील शून्य विवाह, न्यायिक फारकत वा परस्पर संमतीचा घटस्फोट या संकल्पना जव्हारच्या पाड्यांना आपोआप लागू होत नाहीत. रूढी टिकली, पण सिद्ध करण्याचा भार ती सांगणाऱ्यावर आला: 2001 साली उरांव पत्नी आणि संथाळ पती यांच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, दुसरा विवाह शून्य ठरवणारी रूढी तक्रारदार पत्नीने सिद्ध केली नाही म्हणून द्विभार्येचा आरोप टिकू दिला नाही. पोटगीची दाद मात्र जमातीच्या स्त्रीलाही फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 125 व्या कलमाखाली मागता येई. आज ती तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 144 व्या कलमात आहे.

खर्च झेपत नाही म्हणून अनेक जोडपी आधी संसार थाटतात आणि लग्न वर्षांनी, कधी सामुदायिक सोहळ्यात, मुलांच्या देखत लागते. 1998 च्या राज्य कायद्याखालील विवाह नोंदणीला मात्र विवाहाची एकच तारीख लागते.