किल्लीवाचून चालणारे घड्याळ

मनगटावरच्या घड्याळाला रोज नेमाने किल्ली द्यावी लागे, ते दिवस पुष्कळांना आठवत असतील. त्या किल्लीला रजा देऊ पाहणारा गृहस्थ म्हणजे इंग्रज घड्याळजी जॉन हार्वुड.

पहिल्या महायुद्धात त्याने पाहिले की, चिखल, धूळ व ओल किल्लीच्या दांडीवाटेच घड्याळात शिरते. तेव्हा ती वाटच बुजवावी, असे त्याच्या मनाने घेतले. मुलांना सी-सॉवर खेळताना पाहून त्याला युक्ती सुचली, अशी आख्यायिका आहे. (आम्ही शिक्षक तो खेळ रोजच पाहतो, सुचत मात्र काही नाही!) त्याने घड्याळात एक वजन बसविले. हात हलला की ते डोले, बाजूच्या स्प्रिंगांवर आपटून परते, आणि त्या डोलण्यानेच मुख्य स्प्रिंग गुंडाळली जाई. काटे लावण्यासाठी काचेभोवतीची कडी फिरवावयाची. खिशातील घड्याळांत असे प्रयोग अठराव्या शतकातच झाले होते. पण खिशाला मनगटाची हालचाल कोठून येणार?

१९२४ साली हार्वुडला स्वित्झर्लंडचे पेटंट मिळाले. त्याचे घड्याळ एकदा भरले की सुमारे १२ तास चाले. परंतु जागतिक मंदीच्या लाटेत १९३१ साली त्याची कंपनी बुडाली. त्याच वर्षी रोलेक्सने, न आपटता पूर्ण वर्तुळात फिरणारे वजन असलेले घड्याळ काढले. सुधारणा खरोखरच मोठी होती. पण तिच्या झगमगाटात मूळ कल्पक झाकला गेला. १९५६ साली रोलेक्सने जाहिरातीतूनच हार्वुडचा मान त्याला परत केला. सुदैवाने तो वाचावयास हार्वुड तेव्हा हयात होता.