तत्त्वचर्चा आणि पाण्याचा पेला : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

अनोळखी माणसांनी चहा-कॉफीच्या निमित्ताने एकत्र बसून तत्त्वज्ञानाची चर्चा करावी, या प्रथेला आधुनिक रूप पॅरिसमध्ये मिळाले. तत्त्वज्ञ मार्क सोते यांनी 1992 मध्ये बास्तीय चौकातील एका कॅफेत अशा बैठका सुरू केल्या आणि पुढे त्या अनेक देशांत पसरल्या. महाराष्ट्राच्या संदर्भात या प्रथेचे दोन घटक वेगळे करून पाहणे आवश्यक ठरते : परक्या व्यक्तीशी तत्त्वचर्चा आणि तिच्यासोबत पेयपान. यांपैकी पहिला घटक येथे जुना आहे. संघर्ष झाला तो दुसऱ्यासाठी.

चर्चेची परंपरा

जळगाव जिल्ह्यातील मुक्ताईनगर, म्हणजे पूर्वीचे एदलाबाद, या परंपरेचे महत्त्वाचे स्थान होय. चौदाशे वर्षांचे योगी चांगदेव यांनी ज्ञानदेवांना कोरे पत्र पाठविले, त्यास उत्तर म्हणून पासष्ट ओव्यांची ‘चांगदेव पासष्टी’ सिद्ध झाली आणि पुढे चांगदेवांनी बालवयातील मुक्ताबाईंना गुरू मानले, असे संतचरित्रे सांगतात. कथेतील वयाला ऐतिहासिक आधार नाही. तथापि ज्ञानाच्या देवघेवीत वय, स्त्रीत्व आणि ओळख गौण ठरतात, हा विचार लोकमानसाने या कथेतून जपला. तापी-पूर्णा संगमावरील चांगदेव मंदिर आणि आषाढीला पंढरपूरकडे निघणारी मुक्ताईची पालखी ही त्याची साक्ष आहे. मात्र ज्या पंढरपुरात ही पालखी पोहोचते, तेथेच संत चोखामेळा यांची समाधी विठ्ठल मंदिराच्या महाद्वाराबाहेर आहे. विचारांना खुले असलेले द्वार स्पर्शाला बंद होते.

पाणी आणि चहा

ही मर्यादा एकोणिसाव्या शतकातील सुधारकांनी ओळखली. दादोबा पांडुरंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1849 मध्ये मुंबईत परमहंस सभा स्थापन केली. ईश्वर, धर्म व जातिभेद यांवर तेथे चर्चा होई. परंतु सभासदाची खरी परीक्षा ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खाण्यात आणि मुसलमानाने आणलेले पाणी पिण्यात होती. या बैठका गुप्तपणे भरत. 1860 मध्ये सभासदांची यादी बाहेर जाताच सभा विस्कळीत झाली. उघड मतभेदापेक्षा उघड पाणी पिणे समाजाला अधिक धोक्याचे वाटत होते, हे यावरून दिसते.

पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये 1890 साली घडलेला प्रसंग हेच दर्शवितो. व्याख्यानासाठी जमलेल्यांपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. उपस्थितांत न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक होते. नावे वृत्तपत्रात प्रसिद्ध होताच ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि रानडे यांना 1892 मध्ये प्रायश्चित्त घ्यावे लागले. तेथे काय ऐकले, याचा जाब कोणी विचारला नाही. काय प्यायले, याचा विचारला. ज्यांना सार्वजनिक पाणीच नाकारले होते, त्यांचा प्रश्न याहून मूलभूत होता. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, तेव्हा तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले.

खानदेशाचा अनुभव

अमळनेर येथे श्रीमंत प्रताप शेठ यांच्या आश्रयाने 1916 मध्ये तत्त्वज्ञान मंदिर स्थापन झाले. तेथे काही काळ अध्ययन करून पुढे अमळनेरच्याच शाळेत शिक्षक झालेल्या साने गुरुजींनी ‘भारतीय संस्कृती’ या ग्रंथाचा आरंभ अद्वैताच्या विवेचनाने केला. मात्र ते विवेचनावर थांबले नाहीत. मे 1947 मध्ये त्यांनी पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले आणि ते द्वार उघडले.

निष्कर्ष

महाराष्ट्रात तत्त्वचर्चेची वाण कधीच नव्हती. वाण होती ती एका पेल्याची. म्हणूनच अनोळखी माणसांनी एकत्र चहा घेत केलेली साधी चर्चा येथे करमणूक म्हणून पाहता येत नाही. तिच्यामागे पाऊणशे वर्षांहून अधिक काळाचा संघर्ष आहे, आणि अशा बैठकीचे मोल तेथे काय बोलले गेले याइतकेच, तेथे कोणाला पेला दिला गेला यावरही ठरते.