शिंकेपासून तांबीपर्यंत

फराळाच्या ताटाशी बसून हा विषय काढावा की काढू नये, याचा मी बराच विचार केला. पण वर्गात मुलांना पानिपत आणि प्लासी शिकवताना नेहमी मनात येते, की घरातल्या बाईने बोटांवर दिवस मोजत काढलेल्या रात्रींचा इतिहास कुणी लिहायचा? तेव्हा वडीलधाऱ्या वाचकांनी क्षमा करावी.

दुसऱ्या शतकात रोमला सोरेनस नावाचा एक नामांकित ग्रीक वैद्य होता. गर्भ राहू नये असे वाटणाऱ्या स्त्रीला त्याने सांगून ठेवले आहे, की समागमाच्या अखेरीस श्वास रोखावा, लगेच उठून उकिडवे बसावे, शिंक काढावी आणि थंड पाणी प्यावे! वाचताना हसू येते खरे. पण त्या शिंकेवर विसंबून किती जणी फसल्या असतील, हे मनात आले की ते ओसरते.

आपल्याकडे रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. त्यापायी १९२५ साली विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली. १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' चालवले, खटले सोसले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. एवढा जिद्दी माणूस, पण त्याच्यापाशीही जी साधने होती ती आधी वापरायची. वेळ टळून गेलेल्या बाईसाठी खात्रीचा इलाज तेव्हा जगातच नव्हता.

तो सापडू लागला १९६० नंतरच्या दशकात. हॉलंडमध्ये अत्याचाराला बळी पडलेल्या तेरा वर्षांच्या एका मुलीला डॉक्टरांनी इस्ट्रोजेनची मोठी मात्रा दिली. ही युक्ती गुरांच्या डॉक्टरांना आधीच ठाऊक होती! पुढे १९७४ साली कॅनडाच्या युझपे यांनी दोन संप्रेरकांची सौम्य जोडी सुचवली. तरी मळमळ चुकत नसे. १९९८ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीत एकटे लेव्होनॉर्जेस्ट्रेल त्याहून गुणकारी आणि कमी त्रासाचे ठरले.

यातले मर्म साधे आहे. पुरुषबीज स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरते आणि स्त्रीबीज अनेकदा त्यानंतर सुटते. गोळी त्या बीजाला थोपवून धरते. गर्भ एकदा राहिला, की तिचा काही उपयोग नाही. म्हणून तिला गर्भपाताची गोळी म्हणणे चूक. ती जितकी लवकर घ्यावी तितकी बरी, बहात्तर तासांच्या आत तर नक्कीच. २००९ साली युरोपात मान्य झालेले युलिप्रिस्टल एकशेवीस तासांपर्यंत चालते.

पण या सर्वांत खात्रीची आपली जुनी तांबी. चिलीच्या झिपर यांनी तांब्याचा हा गुण १९६९ च्या सुमारास दाखवला. पाच दिवसांच्या आत डॉक्टरांकडून बसवून घेतली, तर ती हजारात एखादीलाच दगा देते आणि पुढे वर्षानुवर्षे राखण करते. गोळीचा बोलबाला फार, तांबीचे हे दुसरे काम मात्र सुशिक्षित घरांतही कुणाला माहीत नसते.

गोळी २००२ साली आपल्या सरकारी कार्यक्रमात आली आणि २००५ पासून चिठ्ठीवाचून मिळू लागली. आमच्या गावातल्या औषधांच्या दुकानातही ती आहे. बाई येते, गर्दी बघते, डोकेदुखीची गोळी घेऊन परत जाते, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान रिकामे असताना पुन्हा येते.