खुर्द्याची गणती

अठराव्या शतकातला हेर म्हटला की डोळ्यांपुढे वेषांतर केलेला गोसावी उभा राहतो. दप्तरांतला हेर मात्र बहुधा साधा पगारी नोकर होता. त्याला जासूद म्हणत. वाटेत दगाफटका व्हायचा म्हणून दोघे मिळून धाडीत. जुन्या पत्रांतला ‘जासूद जोडी’ हा शब्द त्यातलाच. जाताना पत्र पोचवावे, येताना फौजेची नि दरबाराची खबर आणावी, असे त्याचे दुहेरी काम.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर आपला पराभव झाला. अब्दालीने वाटा अडवल्यामुळे भाऊसाहेबांची पत्रे दक्षिणेकडे येईनाशी झाली होती. मदतीस निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना माळव्याच्या बाजूस बातमी लागली, ती एका सावकाराच्या कासिदाकडून. चिठ्ठी सावकारी सांकेतिक भाषेत होती. विश्वासराव आणि भाऊसाहेब हे दोन मोती, मोठी माणसे म्हणजे मोहरा, आणि सामान्य शिपाई म्हणजे रुपये नि खुर्दा. मोती मोजले होते, मोहरा मोजल्या होत्या. खुर्द्याची गणती नव्हती.

त्या रणातून जीव वाचवून परतलेल्यांत तरुण नाना फडणीस होते. बातमी तुटली की फौज आंधळी होते, हे ते तेथेच शिकले असावेत. पुढे त्यांनी दरबारोदरबारी आपले डोळे नि कान पेरले. हैदराबादेस त्यांचे वकील गोविंदराव काळे निजामाच्या हालचाली पुण्यास कळवीत. उलट १७८६ पासून इंग्रजांचा वकील मॅलेट पुण्यातच बसून तेच काम कंपनीसाठी करी. १७९५ च्या मार्चमध्ये खर्ड्यावर निजाम हरला. त्या यशात तलवारीइतकाच लेखणीचा वाटा होता, असे आम्ही मानतो.

आपले मुरूम पुणे आणि हैदराबाद या दोन दरबारांच्या मधल्या मुलखात, तेव्हाच्या निजामाच्या राज्यात. नानांच्या बुद्धीची कीर्ती आपण गातो, ती योग्यच आहे. पण ती बुद्धी चालत होती कोणाच्या पायांनी? काळ्यांची पत्रे छापली गेली. ती वाहणाऱ्या जोड्यांची नावे कितीजणांस ठाऊक आहेत?

कामगारांत काम करताना आम्ही पहिला धडा गिरवला तो नावांची यादी करण्याचा. यादीत नाव नाही, त्याचा हक्कही नाही. इतिहासालाही हाच नियम लावावा. मोती पुष्कळ मोजून झाले. आता खुर्दा मोजू या.