‘मूल घरी आलं’ हा पुरावा नव्हे

तंजावरच्या मेल वीथीतल्या एका मराठी घरी गेल्या वर्षी गेलो होतो. पाच वर्षांची नात एकोणीस दिवसांनी हॉस्पिटलातून परत आली होती. रक्तात जंतुसंसर्ग पसरला होता. डॉक्टरांच्या भाषेत सेप्सिस. आजीने मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली, आल्यागेल्याच्या हातावर साखर ठेवली. ‘बरी झाली हो पोर,’ असं प्रत्येकाला सांगून झालं. पोर मात्र माडीवरून खाली येताना एकेक पायरी बसत बसत उतरत होती. आजाराआधी ती तोच जिना धावत उतरायची. मी विचारलं, तर उत्तर आलं, ‘अशक्तपणा आहे. भरेल.’

या ‘भरेल’मध्ये एक अख्खं मत दडलं आहे, आणि ते घरच्यांपुरतं नाही. अनेक जाणत्या डॉक्टरांचं आणि आरोग्यखात्यातल्या अधिकाऱ्यांचंही तेच आहे. माझं भांडण त्या मताशी आहे.

पूर्वपक्ष नीट मांडतो, कारण तो मूर्खांचा पक्ष नव्हे. तो म्हणतो, सेप्सिस हा जिवावरचा प्रसंग आहे. २०१७ साली जगात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला, त्यांतले जवळपास २ कोटी पाच वर्षांखालची मुलं होती. एकंदर मृत्यू १ कोटी १० लाखांच्या घरात. जिथे आयसीयूतली कॉट मिळवताना बापाच्या नाकी नऊ येतात, तिथे पैसा ऑक्सिजनवर, प्रतिजैविकांवर, परिचारिकांवर खर्च व्हावा. वाचलेल्या मुलामागे माणूस धाडणं ही श्रीमंत देशांची चैन आहे. शिवाय लहान मुलाचं शरीर कोवळ्या फांदीसारखं असतं, वाकलं तरी सरळ होतं. आपल्या घरांत आजी आहे, मावशी आहे, समुपदेशक कशाला? आणि ‘पुढेही धोका आहे’ असं सांगून आईला घाबरवायचं कशासाठी?

चारही मुद्दे वजनदार आहेत. चारही चूक आहेत.

आधी शरीराचा मुद्दा घेऊ. ‘जंतू मेले, आजार संपला’ हे गृहीतकच सेप्सिसला लागू नाही. जंतूंशी लढताना शरीराचा प्रतिसाद बेताल होतो आणि स्वतःच्याच अवयवांवर उलटतो, तेव्हा त्याला सेप्सिस म्हणतात. जानेवारी २०२४ मध्ये मुलांसाठी प्रसिद्ध झालेले ‘फीनिक्स’ निकष म्हणूनच ताप मोजत बसत नाहीत. ते श्वसन, रक्ताभिसरण, रक्त गोठण्याची क्रिया आणि मेंदू यांना किती इजा झाली ते मोजतात. आग विझल्यावर घराच्या तुळया तपासायच्या असतात, की धूर थांबला म्हणून आत झोपायला जायचं असतं?

कोवळ्या फांदीचीही मोजणी झालेली आहे. अमेरिकेतल्या १२ केंद्रांमध्ये सेप्सिसच्या धक्क्याने (सेप्टिक शॉक) आयसीयूत दाखल झालेल्या ३८९ मुलांचा वर्षभर पाठपुरावा केला गेला. निष्कर्ष २०२० साली छापून आले. दाखल झाल्यापासून महिन्याभरात ८ टक्के मुलं दगावली होती, वर्षअखेर १३ टक्के. जगलेल्यांपैकी निम्मी मुलं महिन्यानंतर आरोग्याच्या दृष्टीने आपल्या पूर्वीच्या जीवनमानाला पोहोचली नव्हती. तीन महिन्यांनी हा आकडा ३७ टक्के होता, सहा महिन्यांनी ३०. आणि वर्षानंतर? ३५. म्हणजे घसरत आलेला आकडा पुन्हा वर गेला. यावर आक्षेप येईल की त्यांतल्या निम्म्या मुलांना आधीपासूनच कसले ना कसले दीर्घ आजार होते. आक्षेप खरा आहे. पण इथे तुलना निरोगी मुलांशी नव्हती. प्रत्येक मुलाची तुलना त्याच्याच आजारापूर्वीच्या स्थितीशी होती. आधीचा आजार हिशेबात आधीच धरलेला आहे. तेव्हा ‘भरेल’ ही आशा आहे, निदान नव्हे.

‘श्रीमंतांची चैन’ हा मुद्दा मला सर्वांत जास्त खुपतो, कारण तो गरिबांच्या नावाने मांडला जातो. त्यासाठी अमेरिका सोडून युगांडात जाऊ. तिथल्या दोन हॉस्पिटलांत जंतुसंसर्गाने दाखल झालेल्या, सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या १३०७ मुलांची नोंद ठेवली गेली. अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. हॉस्पिटलात ६५ मुलं दगावली. घरी सोडलेल्यांपैकी पुढच्या सहा महिन्यांत आणखी ६१ गेली. त्यांतली सुमारे दोन तृतीयांश हॉस्पिटलच्या बाहेरच गेली, पुन्हा दाराशीसुद्धा पोहोचली नाहीत. वाचकहो, न्याय तुम्हीच करा. ६५ मृत्यू टाळण्यासाठी उभारलेला सारा डोलारा ‘अत्यावश्यक’, आणि ६१ मृत्यू टाळण्याची धडपड ‘चैन’? पाठपुराव्याचा पैसा जीव वाचवण्याच्या पैशातून कापला जात नाही. तोही जीव वाचवण्याचाच पैसा आहे.

आणि कोणतं मूल धोक्यात आहे हे ओळखायला काय लागतं? त्याच अभ्यासात घरी गेल्यावर दगावणाऱ्या मुलांची चाहूल देणाऱ्या खुणांमध्ये दंडाचा घेर होता. दंडाला गुंडाळायची ती रंगीत पट्टी आपल्या अंगणवाडीताईच्या पेटीत पडून असते.

माणसं कुठून आणणार, असं म्हणणाऱ्यांनी तर गडचिरोलीकडे पाहावं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतल्या बायकांना नवजात बाळाच्या घरी जायला, सेप्सिसची लक्षणं ओळखायला, गरज पडली तर जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायला शिकवलं. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: तिथले नवजात मृत्यू शेजारच्या गावांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी घटले. हे काम जन्मानंतरच्या पहिल्या महिन्याचं होतं, हॉस्पिटलातून परतलेल्या मोठ्या मुलांचं नव्हतं, हे मान्य. पण घराच्या उंबऱ्यापर्यंत आरोग्यसेवा पोहोचू शकते की नाही, हा वाद तिथे निकालात निघाला. तमिळनाडूत तर सबब आणखी लंगडी पडते. ऑगस्ट २०२१ पासून या राज्याची ‘मक्कळै तेडी मरुत्तुवम्’ योजना रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या घरपोच देते, घरी येऊन फिजिओथेरपी करते. आजोबांच्या गुडघ्यासाठी जी वाट त्या घरापर्यंत जाते, ती नातीच्या पायांसाठी जात नाही का?

तंजावरात बसून हे लिहिताना एक जुनं पत्र आठवतं. जानेवारी १८०१ मध्ये तंजावरच्या मराठा सरफोजीराजांनी इंग्रज रेसिडेंट टॉरिन याला ते लिहून आपल्या छत्रांचा, म्हणजे धर्मशाळांचा, कारभार समजावला होता. तिथे जातिभेद न करता वाटसरूंना जेवण मिळे, हे अनेकांना ठाऊक असतं. पुढचा तपशील क्वचितच कुणी सांगतं. आजारी पडलेल्या वाटसरूला औषध आणि पथ्याचं अन्न मिळे, तेही तो पूर्ण बरा होईपर्यंत. छत्रात बाळंत झालेल्या बाईला प्रसूतीनंतर तीन महिने राहता येई. पोरक्या मुलांना शिक्षकाच्या हवाली केलं जाई. हे आजच्या अर्थाने पुनर्वसन नव्हतं, आणि इतिहासाकडून मी नको ती साक्ष वदवून घेणार नाही. पण ‘उपचार कधी संपतो?’ या प्रश्नाचं उत्तर तिथे ‘ताप उतरला की’ असं नव्हतं. बाळंतिणीचे तीन महिने मोजणारा तो कारभार आणि ‘दहा दिवसांनी दाखवा’ एवढंच लिहिणारं आजचं डिस्चार्ज कार्ड. यातलं मागासलेलं कोणतं?

राहिली आजी. तिला मी कमी लेखत नाही. अर्धी शुश्रूषा तीच करते. पण तिला दिसतं तेवढंच ती पाहणार. सेप्सिसबरोबर मेंदूज्वर (मेनिंजायटिस) झालेल्या किंवा जेंटामायसिन, अमिकासिन यांसारखी औषधं घेतलेल्या मुलाची श्रवणशक्ती जाऊ शकते. ते आजीला कसं कळावं? हाक मारली तरी मूल वळत नाही, आणि घर म्हणतं, ‘आजारपणात लाडावली, हट्टी झाली.’ मेंदूज्वरानंतर कानाच्या आतल्या शंखात हाड धरू लागलं, तर पुढे कॉक्लिअर इम्प्लांट बसवणंही अवघड होतं. म्हणून तपासणी काही आठवड्यांतच व्हावी लागते. इथे माया पुरत नाही, यंत्र लागतं. माणसांनी भरलेल्या घराचा आणखी एक गुण आहे, तो कुणी बोलून दाखवत नाही. तिथे आईला रडायला जागा नसते. पोर हाती लागली असताना डोळ्यांत पाणी कशाला, असं तिला सगळेच सांगतात. आयसीयूच्या दाराबाहेर काढलेल्या त्या रात्री तिच्यासाठी अजून संपलेल्या नसतात.

मागणी फार मोठी नाही. घरी सोडण्याआधी कान तपासण्याची तारीख ठरावी. कोणती लक्षणं दिसली की धावत यायचं, ते कार्डावर घरच्यांना वाचता येईल अशा भाषेत असावं. महिन्याने आणि तीन महिन्यांनी कुणीतरी दंड मोजावा, चाल पाहावी, शाळेत मूल कसं आहे ते विचारावं आणि आईलाही विचारावं. जिल्ह्यात मुलांच्या वाढीतले दोष तपासणारं केंद्र असावं, ही तरतूद राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून आहेच. हॉस्पिटलने त्या केंद्राचा पत्ता लिहून द्यावा, इतकंच.

आता शेवटचा मुद्दा, आई घाबरेल हा. त्या दिवशी मेल वीथीत निघताना नातीच्या आईने मला कार्ड वाचून दाखवायला सांगितलं. घरात बोलणं मराठीत, वाचणं तमिळमध्ये, आणि कार्ड इंग्रजीत. ते प्लास्टिकच्या पिशवीत आधार कार्डाबरोबर होतं आणि त्यासोबत एक चाळीस पानी वही होती. मुलगी घरी आल्यापासून आई दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, तिचा ताप मोजून त्या वहीत लिहीत होती. अकरा पानं भरली होती. कितीच्या पुढे गेला तर काय करायचं, हे आईला कुणी सांगितलं नव्हतं.