वसणे, वसूल, पगार

दिव्याहून निघालेली रोहा गाडी पेण सोडते, मग कासू, नागोठणे आणि शेवटी रोहा. रोह्यात कुणापाशी ‘वसाहत’ म्हणा, तो धाटावच्या औद्योगिक वसाहतीची वाट दाखवील. इतिहासाच्या पुस्तकात मात्र हाच शब्द परक्यांनी बळकावलेल्या मुलखाला लागतो. मराठी शब्दाचे नाते ‘वसणे’शी, तर लॅटिन ‘कोलोनिया’चे जमीन कसण्याशी. एकात घर, दुसऱ्यात नांगर. पैसा दोन्हींत नाही, आणि मला तेच खटकते.

रोह्याची कुंडलिका रेवदंड्याला समुद्राला मिळते. तिथे पोर्तुगीजांचे चौल होते. १५३४ साली वसई हाती आल्यावर दमणपासून चौलपर्यंतच्या मुलखाला ते ‘उत्तर प्रांत’ म्हणू लागले. राजाने गावेच्या गावे सरदारांना दिली, बहुधा तीन हयातींसाठी. धर्मसंघांकडेही गावे होती. गावधनी राजाला ‘फोरु’ भरत, आणि त्या ठरावीक खंडाहून कितीतरी जास्त रयतेकडून काढत. मुंबईच्या फोरस रोडच्या नावात हाच शब्द असल्याची एक व्युत्पत्ती सांगतात.

या व्यवहाराला नेमका शब्द ‘वसूल’. ध्वनी ‘वसणे’च्या जवळचा, पण मूळ अरबी, अर्थ ‘येऊन पोचणे’. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, १७४० मध्ये रेवदंडा आणि कोर्लईही मराठ्यांकडे आले. भातशेतीचा, जहाजांना लाकूड देणारा सुपीक मुलूख गेला आणि गोव्याकडे पोचणारे ते उत्पन्न पोचेनासे झाले. सरदारांची कुळे गोव्याकडे गेली; गावांच्या सनदा हाती असल्या तरी खंड देणारी रयत आता दुसऱ्या राज्यात होती. मुलूख गमावणे म्हणजे काय, हे मला लढायांच्या वर्णनांपेक्षा या निरुपयोगी सनदांतून अधिक कळते.

शब्द मात्र मागे राहिले. बंदरावरच्या मासळीचा ‘लिलाव’ पोर्तुगीज ‘लैलांव’ आहे, आणि त्यामागे जाहीर करण्याचा अरबी शब्द. ‘पगार’ही त्यांचाच: ‘पगार’ म्हणजे पैसे चुकते करणे. त्याच्याही मागे लॅटिन ‘पाकारे’, शांत करणे. देणे फेडले की घेणेकरी शांत होतो. धाटावचा कामगार महिन्याच्या सुरुवातीला घरी फोन करून सांगतो, “पगार झाला.”